एक हात मांडीवर

"रुख्मा, काय कुटून राहिलीस?"

"काई नाई व सिस्टर. शांतीची गोयी."

रुख्मा आश्रमाची स्वयंपाकीण. तिच्यासमोर पितळी खल होता, खलात पांढऱ्या गोळ्यांचं पीठ झालं होतं आणि ओट्यावर दुधाचे पेले ओळीनं मांडले होते. वेलदोडे कुटावेत इतक्या सहज ती कुटत होती. चिमूटभर पूड एका पेल्यात टाकायची, चमच्यानं ढवळायचं, पुढचा पेला.

"कसली गोळी? डॉक्टरांनी दिली?"

"डॉक्टर कायले पाह्यजे? खंडारेसायेब आणते मेडिकलातून. जे कटकट करते त्यायच्या दुधात टाकाची. मंग सारे शांत झोपते. म्हणून शांतीची गोयी." ती हसली. "तुमाले माईत नाई? सगळ्याइले माईत हाय."

सगळ्यांना माहीत होतं, आश्रमाच्या नर्सला तेवढं माहीत नव्हतं! मी सकाळी यायची आणि दिवेलागणीच्या आधी घरी जायची. त्या दिवशी थांबले, कारण अनसूयाबाई ढोले सकाळी न्हाणीत पडल्या होत्या. कपाळाला खोक पडली, टाके घालावे लागले. टाके घालताना बाई हूं की चूं करेनात. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. अनसूयाबाई आणि टाके घालताना गप्प?

"अनसूयाबाईंच्या दुधातही टाकतेस?"

"त्यायच्यात दोन," रुख्मा म्हणाली. "त्या एकीनं भागत नाई."

ही वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावातली गोष्ट. बरीच वर्षं झाली. वृद्धाश्रमाचं नाव सांगत नाही. तो अजून चालू आहे, आणि फार चांगला चालतो असं लोक सांगतात.

अनसूयाबाईंनी नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवली होती. गिरणीच्या घरघरीवर मात करायची म्हणून कमावलेला आवाज गिरणी गेली तरी खाली आला नव्हता. मुलानं गिरणी विकली आणि यांना इथं आणून ठेवलं. त्याचा फोन आला की साऱ्या आश्रमाला ऐकू जाईल अशा शिव्या त्या त्याला घालायच्या. त्या उरकल्या की आम्हाला. मला तर त्यांचं नाव 'सुईवाली सटवी' होतं. खरं सांगते, मला त्या फार आवडायच्या. आमच्याकडे बाकीची माणसं आभार मानून मानून वाकलेली. दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्या माणसानं ताठ बसून भांडावं, हे मला तिथं एकट्या अनसूयाबाईंकडे बघायला मिळालं.

त्यांचं भांडण एकच होतं. वरण पातळ असतं. आमच्याकडे गावातले लोक वाढदिवसाला, श्राद्धाला जेवण द्यायला येत. त्या दिवशी वरण घट्ट असायचं. पाहुणे पंगतीत वाढायला आले की अनसूयाबाई ताटावर हात आडवा धरून विचारायच्या, "तुमी रोज काऊन येत नाई? तुमी आले का वरन घट्ट रायते, नाईतर पान्यात डाय शोधा लागते." एकदा विश्वस्त वसंतराव भटकरांनी आपले व्याही आणले होते. व्याह्यांसमोर बाईंनी हेच विचारलं. आश्रमाला दूध वसंतरावांच्या गोठ्यातून यायचं, व्यवस्थापक खंडारे त्यांच्याच शब्दावर लागलेला. त्या पंगतीनंतर काही दिवसांतच अनसूयाबाई शांत झाल्या होत्या. वयानं थकल्या, असं खंडारे सांगायचा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी खंडारेला गाठलं. माणूस दिसायला देवभोळा. कपाळाला अष्टगंध, बोलणं मऊ.

"खंडारे, हे विष घालणं आहे."

"काय शब्द वापरता सिस्टर! घरी आपल्या आईला झोप आली नाही तर आपण गोळी देत नाही काय?"

"डॉक्टरला न विचारता? दुधात कुटून? रात्री उठताना पडतात हो ही माणसं. काल टाके पडले, उद्या खुबा मोडेल."

"रात्री एक बाई असते ड्यूटीला. एका बाईनं कोणाकोणाकडे पाहावं? दुसरी बाई ठेवा म्हणा मंडळाला." मग तो आणखी मऊ झाला. "तुम्ही दिवसाचं पाहा ना. रात्रीचं मी पाहतो."

म्हणजे मीही दुधाचा पेला घेऊन झोपावं, असं त्याचं म्हणणं होतं. मी सरळ अध्यक्षांच्या घरी गेले.

अध्यक्ष नाना कोलारकर. निवृत्त मुख्याध्यापक, अंगावर धुवट खादी. या माणसानं आयुष्यात कुणाचा पै-पैसा खाल्ला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. डोळे खरंच भरून आले होते.

"हे माझ्या संस्थेत चालतं?"

"रोज संध्याकाळी."

"तुम्ही लेखी द्या, सिस्टर. मी ताबडतोब बैठक बोलावतो. तुम्हीही या निमंत्रित म्हणून. मंडळ तुम्हाला उत्तर देईल. आपल्याकडे लपवाछपवी नाही."

मी किती हलकी होऊन घरी आले म्हणून सांगू. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, खंडारेचे दिवस भरले.

आता त्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. आश्रम ज्यांनी काढला त्या अण्णांनी आधी दुसरी एक संस्था काढली होती आणि ती मतदानावरून फुटली होती. तेव्हापासून अण्णांनी कानाला खडा लावला. इथं मतदान होणार नाही. विषय निघाला की अध्यक्ष विचारणार, "एकमत आहे?" आणि ज्याला मान्य आहे त्यानं उजवा हात टेबलावर टेकवायचा. सगळे हात टेबलावर आले तर ठराव झाला. एक जरी हात आला नाही तर विषय पुढे ठेवायचा. हात मोजायचे नाहीत, आणि कुणाचा आला नाही हे लिहायचं नाही. अण्णा वारले, रीत राहिली. मंडळाला तिचा मोठा अभिमान होता. वर्धापनदिनाच्या प्रत्येक भाषणात नाना सांगायचे की आमच्या संस्थेत आजवर एकदाही मतभेद नोंदवला गेलेला नाही.

बैठकीला सहा विश्वस्त होते. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं नाही. प्रमिलाताई देव, निवृत्त शिक्षिका, पदर तोंडाला लावून "अरेरे" म्हणत होत्या. डॉक्टर सरोदे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी गोळीचं नाव आणि प्रमाण विचारलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "एवढी तर मी वासराला देणार नाही."

नाना उभे राहिले. "या गोळ्या आजपासून बंद, आणि व्यवस्थापकांची चौकशी. एकमत आहे?"

नानांचा हात टेकला. प्रमिलाताईंचा टेकला. सरोद्यांचा, बाकीच्या दोघांचा. पाच हात टेबलावर आले, आणि वसंतराव भटकरांचा मांडीवर राहिला. ते खिडकीबाहेर बघत होते. रागावले नव्हते, बोलले नव्हते, काहीच नाही.

नाना खाली बसले. म्हणाले, "विषय पुढे ठेवू या."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "नाना, पाच जणांना मान्य आहे ना?"

"मोजायचं नसतं सिस्टर."

"मग वसंतरावांना कारण तरी विचारा."

"विचारायचंही नसतं. मोकळ्या मनानं हात यावा, असं अण्णा म्हणायचे."

"आणि आज संध्याकाळच्या दुधाचं काय?"

सरोद्यांनी घड्याळ बघितलं. वसंतराव पहिल्यांदाच बोलले, तेही अगदी गोड. "सिस्टरची कळकळ मोठी आहे हो. अशी माणसं आजकाल कुठं मिळून राहिली?"

चहा आला. मी तो घेतला नाही, एवढाच काय तो माझा निषेध.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन रुख्मापुढे हात जोडले. मंडळाला जे करता आलं नाही ते रुख्मानं एका वाक्यात केलं. "अनसूयाबाईच्या दुधात नाई टाकत मी. बाकीच्यायचं मी पाहतो कसं जमते ते." आणि तिनं खरोखर टाकलं नाही.

पहिले दोन दिवस बाई भानावर आल्या नाहीत. हात कापायचे, घाम फुटायचा. एकदम थांबवल्यानं होतं तसं. मी उशापायथ्याशी बसून असायची. त्यानंतर एका दुपारी मी त्यांची पट्टी बदलत होते, तर खालून आवाज आला.

"हळू व सटवे. डोकं हाय थे, खलबत्ता नोहे."

मी पट्टी सोडून रडायलाच लागले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आता हिले काय झालं? मले लागलं का तुले लागलं?"

त्यांना आठवत होतं, नव्हतं, असं सगळं अर्धवट होतं. मधले महिने कुठे गेले ते त्यांना उमगेना. बोटांवर महिने मोजत बसल्या. आंबे येऊन गेले काय, विचारलं. येऊन गेले म्हटल्यावर चेहरा पडला. मग मी त्यांना दुधाचं सांगितलं. सांगावं की नाही, असा विचारही माझ्या मनात आला नाही. त्यांचंच दूध, त्यांचंच डोकं.

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "म्हंजे मले मारलं नाई, पुसून टाकलं." मग माझं मनगट धरलं. गिरणीवाल्या बाईची पकड होती ती. "सिस्टर, पुन्ना नोको देऊ देजो मले थे. शिव्या देत मरीन, पन जागी मरीन."

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

गावात माझ्या माहेरच्या ओळखीचे एक वकील होते. ते म्हणाले, "तू नोकरदार. तू वर तक्रार केलीस तर संस्था म्हणेल, व्यवस्थापकाशी वैर आहे. बाईच्या मुलाला पुढे कर. रक्ताच्या माणसानं सही केली की मंडळाला जाब द्यावाच लागेल." मी अनसूयाबाईंच्या मुलाला, शिरीषला, फोन लावला. तो पुण्याला. आवाज सभ्य होता. म्हणाला, "फोनवर नको सिस्टर. मी वर्धापनदिनाला येतोच आहे. समोरासमोर बोलू." मी वकिलांकडून तक्रारीचा अर्ज तयार करून घेतला. फक्त त्याची सही बाकी.

तोवर मंडळाची दुसरी बैठक होती. मी आदल्या दिवशी प्रमिलाताईंच्या घरी गेले. त्या तुळशीला पाणी घालत होत्या.

"ताई, तुमचं मत काय आहे?"

"अगं, माझं मत तुझ्याच बाजूचं आहे! रात्र रात्र झोप नाही मला."

"मग तुमच्या हातात किल्ली आहे. एक हात मांडीवर राहिला की विषय अडतो ना? मग वसंतराव अडवतात तसं तुम्हीही अडवा. गोळ्यांचा ठराव होईस्तोवर तुम्ही कशालाच हात टेकवू नका. व्यवस्थापकांची मुदतवाढ उद्याच आहे. ती अडली की खंडारे घरी बसेल. कसे येत नाहीत ताळ्यावर बघू."

प्रमिलाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग गालातल्या गालात हसल्या. "बाई बाई, डोकं आहे गं तुला! अण्णांनासुद्धा हे सुचलं नसतं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नाही टेकवणार. शब्द देते. काही झालं तरी नाही."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच स्टुलावर. पहिला विषय निघाला, एका जुन्या देणगीदाराच्या निधनाचा. दुखवट्याचा ठराव. नानांनी विचारलं, "एकमत आहे?" हात टेकले. मी प्रमिलाताईंकडे बघितलं. त्यांनीही टेकवला होता. मला डोळ्यांनी म्हणाल्या, मेलेल्या माणसाला कसं अडवू? ठीक आहे, मी मनात म्हटलं. माणुसकी आहे.

दुसरा विषय वसंतरावांनी मांडला. ते उभे राहिले, घसा साफ केला. "आपल्या गावंडे सिस्टरनी संस्थेतल्या एका गोष्टीकडे निर्भयपणे लक्ष वेधलं. असं जागरूक माणूस आपल्याकडे आहे, हे आपलं भाग्य. येत्या वर्धापनदिनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करावा, असं मी सुचवतो."

मी उठून उभी राहिले. "मला सत्कार नको. गोळ्या बंद करा."

"हाच यांचा मोठेपणा," वसंतराव म्हणाले.

"एकमत आहे?" नानांनी विचारलं. चेहरा नुसता उजळला होता त्यांचा. किती दिवसांनी गाडं रुळावर येत होतं. वसंतरावांचा हात सगळ्यांत आधी टेबलावर आला. मग बाकीचे. मी प्रमिलाताईंकडे बघून मान हलवत होते, नको, नको. त्या माझ्याकडे बघून कौतुकानं हसत होत्या. डोळ्यांत पाणी. आणि हात टेबलावर. तुझ्याच सत्काराला मी नाही म्हणू? वेडी आहेस का? असं त्यांचं तोंड स्पष्ट बोलत होतं.

तिसरा विषय खंडारेची मुदतवाढ. प्रमिलाताईंचा हात टेबलावर होता तिथंच राहिला. तो उचलून मांडीवर घ्यायचा म्हणजे सगळ्यांच्या देखत वैर दाखवायचं. एवढं काही त्यांच्यानं झालं नाही. गोळ्यांचा विषय सर्वांत शेवटी आला. वसंतरावांचा हात खाली गेला आणि विषय पुढे ठेवला गेला.

बाहेर व्हरांड्यात प्रमिलाताईंनी मला मिठी मारली. "रागावू नकोस गं. तुझं नाव झालं की तुझ्या शब्दाला वजन येईल. मग बघ." मनापासून बोलत होत्या. मला त्यांचा राग राग आला आणि त्यांना तो दाखवताही आला नाही. असल्या चांगल्या माणसांशी भांडायचं तरी कसं, ते मला अजून कळलेलं नाही. वसंतरावांशी मी सहज भांडले असते.

अनसूयाबाईंचा आवाज पुन्हा आश्रमभर जायला लागला, त्यावरून खंडारेनं ओळखलं, आणि वसंतरावांनी त्याच आठवड्यात रुख्माला कामावरून काढलं. दूध आता खंडारे स्वतः करायला लागला. मी एक संध्याकाळ अनसूयाबाईंच्या पलंगाशी बसून राहिले, पेला हातातून काढून घेतला. खंडारे म्हणाला, "सिस्टर, तुमची वेळ संपली. वेळेनंतर आत थांबायचं तर मंडळाची परवानगी लागते." परवानगी म्हणजे सहा हात. मी जाताना अनसूयाबाईंना सांगितलं, दूध पिऊ नका, काही झालं तरी पिऊ नका. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कळलं, दूध त्यांनी फेकलं होतं. मग गोळी वरणातून दिली. ते वरण मात्र घट्ट होतं, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला सांगितलं.

दोन दिवसांत त्या पुन्हा शांत झाल्या.

वर्धापनदिनाला मांडव घातला होता. गावातली बडी मंडळी, शाळेची मुलं, देणगीदार. आश्रमातली माणसं पुढच्या रांगेत, धुतलेल्या कपड्यांत. अनसूयाबाईंना कुणीतरी निळं इरकल नेसवलं होतं, कपाळावरच्या व्रणावर पावडर लावली होती. त्या एका बाजूला कलून बसल्या होत्या आणि अगदी मंद हसत होत्या. शिरीष अजून पोचला नव्हता. माझ्या पर्समध्ये त्याचा अर्ज होता.

सत्काराला माझं नाव पुकारलं. त्याच रांगेत खंडारेचंही नाव होतं, 'अखंड सेवेबद्दल'. एकाच दुकानातल्या एकाच रंगाच्या दोन शाली. नाना शाल घेऊन पुढे आले तशी मी मागे सरले आणि माईकपाशी गेले. 

"मला शाल नको. या आश्रमात म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरला न विचारता गुंगीच्या गोळ्या देतात. आजही दिल्या आहेत. समोर बसलेल्या या माणसांकडे बघा. ही शांत नाहीत, यांना गुंगीत ठेवलंय. मंडळाला मी लेखी दिलंय. मंडळातल्या पाच जणांना मान्य आहे. तरी गोळ्या चालू आहेत. मंडळानं मला इथं, सगळ्यांसमोर, उत्तर द्यावं."

मला वाटलं, झालं. आता कुणीतरी उठेल. एवढ्या माणसांतून एक तरी उठेल.

नाना माझ्या शेजारी आले. त्यांनी माईक हातात घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, नव्हतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, हीच ती निर्भयता. हिच्यासाठीच हा सत्कार. ज्या संस्थेत एक कर्मचारी व्यासपीठावरून असं बोलू शकते, त्या संस्थेला कशाची भीती?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. शाळेच्या मुलांनी वाजवल्या, देणगीदारांनी वाजवल्या, वसंतरावांनी उभं राहून वाजवल्या. त्या टाळ्यांतच नानांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. फोटोवाल्यानं फोटो काढला. पुढच्या रांगेतली माणसंही टाळ्या वाजवत होती, सावकाश, सगळ्यांच्या मागून. अनसूयाबाईही.

खाली उतरताना नाना माझ्या कानाशी म्हणाले, "मनावर घेऊ नका सिस्टर. पुढच्या बैठकीत विषय पुन्हा ठेवू."

मी शाल तिथंच खुर्चीवर टाकली आणि फाटकाकडे गेले, तर शिरीष गाडीतून उतरत होता. पन्नाशीचा, कपाळ थेट आईचं. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: गोळ्या, पडणं, मधल्या दिवसांतलं त्यांचं जागं होणं, त्या काय बोलल्या ते. तो लक्ष देऊन ऐकत होता. मी अर्ज काढून दिला. "फक्त सही करा. मग यांना उत्तर द्यावं लागेल. तुमच्या आईनं माझ्याकडून वचन घेतलंय."

त्यानं अर्ज वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हणाला, "आधी आईला भेटतो."

आम्ही मांडवात गेलो. तो आईसमोर गुडघ्यावर बसला. "आई, मी शिरीष."

अनसूयाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हात जोडले. घोगऱ्या, बारीक आवाजात म्हणाल्या, "या. बसा. बरं झालं आले तुमी." आणि त्यांच्या लक्षात आलं की पाहुण्याला बसायला काही नाही, म्हणून त्या स्वतः सरकून जागा करायला लागल्या.

शिरीष तिथंच बसून राहिला. आईचे जोडलेले हात त्यानं आपल्या हातांत घेतले. खांदे हलत होते त्याचे. मला वाटलं, याला कळलं. आता हा सही करणार. मी पर्समधून पेन काढून ठेवलं.

थोड्या वेळानं तो उठला, रुमालानं डोळे पुसले आणि मला म्हणाला, "सिस्टर, मला आठवतंय तेव्हापासून ही बाई माझ्याशी कधी धड बोलली नाही. आज पहिल्यांदा."

"तिनं तुम्हाला ओळखलं नाही," मी म्हणाले. "ती पाहुण्याशी बोलली. तुम्ही कोण आहात, ते तिला माहीत नाही."

त्यानं अर्जाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"असू द्या हो," तो म्हणाला. "ओळखत होती तेव्हा शिव्याच द्यायची."

मग तो पुन्हा आईपाशी गेला, आणि तिनं त्याला पुन्हा हात जोडून "या, बसा" म्हटलं.